हमरापूरची लाईन

हमरापूरची लाईन ट्रिप झाली तेव्हा प्रणिताने नुकताच डबा उघडला होता. सबस्टेशनच्या पॅनेलवर रिलेचा लाल दिवा पेटला. रिले म्हणजे एवढीशी पेटी, पण भलती जागरूक. तारेतली वीज वाट सोडून जमिनीत उतरली की ती तत्क्षणी ओळखते, ब्रेकर पाडते आणि लाईन बंद करते. वीज का उतरली, कुठे उतरली, ते मात्र माणसानेच जाऊन बघायचं. बघून होईपर्यंत लाईन चालू करायची नाही, असा नियम. प्रणिताने लाईनमन नितेशला फोन केला. तो पेणच्या दुसऱ्या टोकाला होता, निघतो म्हणाला.

तेवढ्यात हैबतरावांचा फोन आलाच. हमरापूरला गणपतीचा कारखाना त्यांचा, आणि त्यांच्या मते सबस्टेशनही त्यांचंच.

"पोरी, झोपलीस काय? कॉम्प्रेसर बंद पडलाय, मूर्ती अर्ध्या रंगात हायत. चालू कर!"

"काका, लाईन बघितल्याशिवाय नाय करता येत. कुठे तार पडली असेल तर?"

"तारबीर काय नाय पडली. मी दारातच उभा हाय."

"नक्की ना?"

"आता शपथ घेऊ काय? का तुझ्या साहेबाला लावू फोन?"

साहेबाचं नाव काढलं की ही पोरगी मऊ पडते, हे त्या गृहस्थांनी कधीच हेरलं होतं. तिची नोकरी कंत्राटी. मागे अशीच अडून बसली, तर साहेबाने तिला चारचौघांत झापलं होतं, "एकदा टाकून बघायला तुझं काय जातं?" आणि खरं सांगायचं तर सगळेच एकदा टाकून बघायचे. बहुतेक वेळा एखादी फांदी तारेला लागून गळून पडलेली असायची. प्रणिताने डबा झाकला आणि स्विच फिरवला.

लाईन टिकली नाही. रिलेने ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा पाडली. त्या पेटीने आपलं काम चोख केलं, पण माणूस मरायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

कारखान्याच्या दारात तार पडलीच होती. टेम्पोची वाट अडली म्हणून हैबतरावांनीच रंगकाम करणाऱ्या सखाला ती ओढायला पाठवलं होतं. "लाईट गेलीय, मेलेली तार ती. घाबरतोस काय?" असं म्हणून. लाईनमनसाठी थांबायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येत होतं. सखाने तार हातात घेतली आणि यांनी फोन. एव्हाना ओढून झाली असेल, असं यांना वाटलं म्हणे.

हे सगळं नितेशने तिथे पोचल्यावर प्रणिताला फोनवर रडत सांगितलं. ती पॅनेलसमोर खालीच बसली. मी मारलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. सखा कोण, दिसायला कसा, तेही तिला ठाऊक नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. हैबतराव. आता हे रडतील, शिव्या घालतील, असं तिला वाटलं. शिव्या घातल्या असत्या तर तिला बरंच वाटलं असतं.

"पोरी," आवाज अगदी समजुतीचा होता, "घाबरू नको गो. तुझं नाव मी नाय घेत. तार पडलीय हे मी लपवलं, ते तूपण बोलू नको. पंचनामा काय तो होईल. त्याला बाजूला ठेवलाय, नितेशला तार बांधायला लावलाय. बांधून झाली की लगेच लाईट टाक. टेम्पो खोळंबलाय."