पखुर्डीचं पाणी

नराच्या छातीवरची काळी रेघ दाभणाएवढी बारीक होती आणि मध्ये कुठंही तुटलेली नव्हती. वत्सलाबाईंनी दुर्बीण खाली घेतली, पदरानं डोळे पुसले आणि परत लावली. पोट काळपट तांबूस. शेपटीतली मधली दोन पिसं सुईसारखी लांब. हौदातून सांडलेल्या पाण्यात पाखरू छाती टेकून बसलं होतं आणि अंग डावी-उजवीकडं घुसळत होतं. पीत मात्र नव्हतं. त्यांनी चाळीस सेकंद मोजले, तेव्हा ते उठलं आणि जडपणे माळाच्या दिशेनं उडालं.

पखुर्डी. परसातली चौसष्टावी जात. त्यांनी वहीत वेळ लिहिली: सात पंचेचाळीस.

माळावरचं हे पाखरू एरवी माणसाच्या वाऱ्यालाही उभं राहिलं नसतं. पण आष्टी तालुक्यात त्या चैत्रात पाणी टँकरशिवाय कुठंच नव्हतं. परसाची मागची भिंत दोन वर्षांपूर्वी पडलेली, आणि तिच्यापलीकडं सोसायटीनं जनावरांची चारा-छावणी उघडलेली. छावणीचा हौद अगदी परसाला चिकटून. सोसायटीचे चेअरमन मोहनराव हे वत्सलाबाईंचे मालक, आणि छावणी बघायला त्यांचा धाकटा भाऊ सुग्रीव. वत्सलाबाई गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या.

हौदावर कॅन भरायला सिदू पारधी आला होता. माळाच्या त्या अंगाला त्याची पालं होती. वत्सलाबाईंच्या हातातली दुर्बीण बघून तो हसला.

“बाई, त्ये कावून बसतंय पान्यात, लिवलंय का तुमच्या पुस्तकात?”

“उन्हानं अंग तापत असेल.”

“अंग तापतंय! लई शिकलात की वो. अवं, छातीच्या पिसात पानी भरून पिल्लास्नी नेतंय त्ये. पिल्लं पिसं चोखत्यात.”

“मग तुला बरं आहे. इथंच फास लाव.”

सिदूचं हसू एकदम गेलं. “पान्यावर फास न्हाई लावायचा, बाई. माज्या बापानं हात तोडला असता माजा.”

त्यांनी वहीत लिहिलं: नर छातीच्या पिसांतून पिलांना पाणी नेतो. आणि खाली: सांगणारा, सिदू.

पाचव्या दिवशी शाळेतून आल्या तेव्हा सुग्रीव परसातल्या धुण्याच्या दगडावर बसून पखुर्ड्या सोलत होता. सतरा होत्या. सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली. तालुक्याहून पाहुणे यायचे होते.

“साहेब लोकास्नी रानातलंच लागतंय, वहिनी. कोंबडीला तोंड लावत न्हाईत.”

वत्सलाबाईंनी एक नर उचलला. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आकसलेली. पायाची बोटं करकचून मिटलेली. पायावर फासाचा वळ नाही. गळ्याच्या फाटलेल्या पिशवीतून ज्वारी सांडत होती आणि तिला पिकाच्या बुडाशी टाकतात त्या फोरेटचा उग्र वास होता.

“विष घातलंस?”

“आतडं काढलं की झालं. इख पोटात ऱ्हातंय, मासात न्हाई.”

संध्याकाळी भाकरी थापताना त्यांनी मोहनरावांना सांगितलं. आवाज न चढवता, वर्गात सांगतात तसं. हौदापाशी विषारी दाणे नकोत. तिथं जनावरं पाणी पितात.

मोहनरावांनी पाट मागं सारला. उठून त्यांनी वत्सलाबाईंचं उजवं मनगट धरलं आणि तळहात तव्यावर टेकवला.

“एक,” ते म्हणाले. “दोन. तीन. तुला मोजायची लई हौस न्हवं?”

कातडीचा वास भाकरीच्या वासात मिसळला. हात सोडून ते परत पाटावर बसले.

“सुग्रीव काय करतंय त्ये तू बघितलं न्हाई. कुणापुढं तोंड उघडलंस, तर डावा हाय अजून. वाढ.”

त्यांनी डाव्या हातानं वाढलं.

शाळेत तवा लागला म्हणून सांगितलं. ते खोटंही नव्हतं. रोज सकाळी त्या ठरवायच्या, आज आष्टीला जायचं, ठाण्यात सांगायचं. रोज सकाळी दुसरं काहीतरी निघायचं. वही डाव्या हातानं चालू होती. अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं झालं होतं. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी, सात वाजून दहा मिनिटांनी, त्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभ्या होत्या. सुग्रीव घमेल्यात दाणे कालवून उठला. हौदाच्या भोवती ते फेकले. मग रिकाम्या घमेल्यात तांब्याभर पाणी घेतलं, हातानं चांगलं विसळलं आणि ते पाणी परत हौदात ओतलं.

त्यात वाईट हेतू नव्हता. त्या साली गावात विसळलेलं पाणी जमिनीवर कुणीच टाकत नव्हतं. भांड्याचं झाडाला, तांदळाचं म्हशीला. लहान पोरंसुद्धा चूळ आळ्यात टाकायची. सुग्रीवच्या हाताला तेच वळण. घमेल्यात काय कालवलं होतं, ते हात विसरला.

वत्सलाबाईंना कळलं. ओरडायला तोंड उघडलं. पुढच्या ओट्यावर मोहनराव दात घासत होते, त्यांच्या खाकरण्याचा आवाज आला. वत्सलाबाईंची उजवी मूठ आपोआप मिटली, जखम फुटली. आत्ता सांगते, एवढी चूल पेटू दे, असं त्या स्वतःला म्हणाल्या.

साडेसातला छावणीतली पहिली दावण पाण्यावर सोडली.

पहिला बैल हौदापाशीच गुडघ्यावर आला. तोंडातून फेसाची तार लागली. मग पाय ताठ झाले आणि तो खुरांनी जमीन खणू लागला. त्याच्यावर दुसरा पडला. एक गाभणी गाय पडल्या पडल्या मान आपटत राहिली, शिंग मुळातून मोडेपर्यंत. आठपर्यंत अकरा जनावरं आडवी झाली. दोन बैल गावातल्या आश्रुबाचे होते. तो त्यांच्या मधोमध बसून एकाच्या नाकपुडीत फुंकर मारत होता.

तेवढ्यात माळाकडून सिदू आला, हातात कॅन.

“ह्योच!” सुग्रीव ओरडला. “रोज येतंय हौदावर! पाखरं धरायला इख टाकलं ह्येनं!”

सिदूनं कॅन खाली ठेवला. “म्या? पान्यावर—”

सुग्रीवनं जुवाची शिवळ उपटली आणि त्याच्या तोंडावर हाणली. लाकूड दातांवर वाजलं. मग छावणीतले सगळेच आले. चाबकाच्या दांड्या, साखळ्या, खुंटे. सिदू पडला, उठला, पडक्या भिंतीवरून परसात आला आणि धुण्याच्या दगडावर कोसळला. आश्रुबा रडत होता, अगदी मोठ्यानं रडत होता, आणि रडता रडता त्यानं भिंतीचा दगड दोन्ही हातांनी उचलून सिदूच्या गुडघ्यावर टाकला. हाड मोडल्याचा आवाज वत्सलाबाईंनी दारातून ऐकला.

“बाई,” सिदू म्हणाला. तोंडातून रक्ताबरोबर शब्द गळत होते. “सांगा की वो बाई. तुमी रोज बघताव.”

त्यांनी चौकट धरली. सुग्रीव वळून त्यांच्याकडं बघत होता. मोहनराव कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी कुणाला बोटही लावलं नव्हतं.

“जित्ता ठिवा रे,” ते म्हणाले. “फौजदार यिऊ द्या.”

सिदूच्या पोटात अजून तीन लाथा बसल्या. त्या वत्सलाबाईंनी मोजल्या.

फौजदार पाऊण तासानं आले. हौदापाशी खुर्ची टाकून पंचनामा लिहू लागले, मोहनराव सांगत होते तसा. सिदूला जीपजवळ जमिनीवर टाकलं होतं. एक डोळा बंद, गुडघा भलत्याच दिशेला वळलेला. श्वास मिनिटाला अडतीस. त्या दारातून मोजत होत्या.

“सदर इसम नेहमी हौदावर येतो, लिवा,” मोहनराव म्हणाले. “आमच्या मंडळींनीबी बघितलंय.”

तेव्हाच दोन हळव्या शिट्ट्या आल्या. मेलेल्या जनावरांच्या पलीकडं, हौदाच्या सांडीत, पखुर्डीचा नर उतरला. माणसांना इतका निर्ढावलेला की इकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं छाती पाण्यात टेकली आणि घुसळू लागला. त्या पाण्यात.

दहा. पंधरा. वीस.

वत्सलाबाई धावल्या. परस ओलांडून, दगडावरच्या रक्तावरून, दोन्ही हात वर करून हुर्रर्र करत. पाखरू उडालं. ओल्या छातीनं, जड, माळाकडं. पिलांकडं. त्यांना उशीर झाला होता.

सगळे त्यांच्याकडं बघत राहिले. कुणीतरी हसलं.

“वत्सले,” मोहनराव हळू आवाजात म्हणाले. “आत हो.”

वत्सलाबाईंनी डावा हात त्यांच्यासमोर धरला.

“हा आहे अजून,” त्या म्हणाल्या आणि फौजदारांकडं वळल्या.

“साहेब, ते खोडा आणि माझं लिहा. सात वाजून दहा मिनिटांनी सुग्रीवनं विषाचं घमेलं या हौदात विसळलं. मी दारातून बघितलं. आणि ओरडले नाही, तेही लिहा.”