ऐकताय ना?

चिटणीसबाईंनी पाण्याचा ग्लास तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. समोर बसलेल्या साहेबांचा आवाज त्यांनी आधी कुठेतरी ऐकला होता.

कुठे, ते काही केल्या आठवेना. साहेब दुसऱ्या खात्यातून आरोग्य खात्यात नव्यानेच आलेले. गाठभेट सोडाच, त्यांचा साधा फोटोही बाईंनी पाहिला नव्हता. मानसशास्त्रज्ञांच्या विभागीय संघटनेतर्फे तिघे जण त्यांच्यापुढे बसले होते : अध्यक्ष, खजिनदार आणि चिटणीसबाई. गाऱ्हाणं एकच होतं. संघटनेची हेल्पलाइन खात्यानं दिलेल्या एका खोलीतून चालायची. ती खोली आणि तिथला फोन काढून घेऊन खातं आता रेकॉर्ड केलेला आवाज बसवणार होतं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन.

"साहेब, रात्र खायला उठलेली असते तेव्हा माणूस आकडे दाबत बसत नाही," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. सुरू केलेलं वाक्य संपवण्याचा त्यांना फारसा सराव नव्हता. आज एका दमात संपवलं, त्यावरूनच प्रकरण किती गळ्याशी आलंय ते कळत होतं.

साहेबांनी फाइल मिटली. "फोन कोण करतं तुम्हाला?"

"लोक करतात," खजिनदार म्हणाले.

"कोण लोक? नाव नाही, गाव नाही. तुम्ही विचारतसुद्धा नाही."

"तो आमचा नियमच आहे ना, साहेब."

"मग मी वर काय सांगू?" साहेब खाकरले. एकदा, परत एकदा. "इतक्या वर्षांत एक तरी माणूस पुढे येऊन म्हणाला का, की मला या फोनचा उपयोग झाला? एकच दाखवा. ऐकताय ना?"

आता चिटणीसबाईंना आठवलं.

मागच्या हिवाळ्यात हा आवाज हेल्पलाइनवर बहुतेक दर आठवड्याला यायचा. आधी दोनदा खाकरणं, मग "ऐकताय ना?" बायको गेल्यापासून त्या माणसाचा पाय घरात शिरत नव्हता. ऑफिसातून यायचा, दारासमोर गाडी उभी करायचा आणि आतच बसून राहायचा. गाडीतूनच फोन करायचा. बोलताना मागे टक्, टक् असा काहीतरी आवाज यायचा. बाईंना वाटायचं, गाडीच्या दाराशी चाळा करतोय. एका संध्याकाळी तो बोलता बोलता गाडीतून उतरला, कुलूप उघडलं, दिवा लावला. "लावला," एवढंच म्हणाला आणि रडला. नंतर त्याचे फोन थांबले.

साहेब चष्म्याच्या डबीचं झाकण उघडत होते, मिटत होते. टक्, टक्.

हा तोच, की नुसतं तसं वाटतंय? खाकरणारे पुरुष काय, शंभर सापडतील. चष्म्याची डबी तर खुद्द खजिनदारांच्या खिशातही होती. आणि हा तोच असेल, तर विचारतोय काय? टोमणा मारतोय, की मला गप्प राहा म्हणून बजावतोय? बाईंच्या डोक्यात नुसता गुंता झाला.

अध्यक्षांनी कोपरानं हळूच ढोसलं. "सांगा की. तुम्ही इतकी वर्षं फोनवर बसता."

सांगायला उदाहरण अगदी नाकासमोर बसलं होतं. पण ओळखीचा आवाज रस्त्यात भेटला तरी ओळख द्यायची नाही, हे नव्या लोकांना शिकवायचं काम बाईंचंच होतं.

"असा माणूस पुढे येणार नाही, साहेब," शेवटी त्या म्हणाल्या. "त्याला पुढे यावं लागू नये, म्हणूनच तर तो फोन आहे."

डबी मिटली. साहेबांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. माणसांचे चेहरे वाचून पोट भरणाऱ्या बाईंना त्या चेहऱ्यावरचं एक अक्षरही लागेना.

"बघतो. उद्या सही करायची आहे," साहेब म्हणाले आणि उठले.

जिन्यात खजिनदारांनी हात झटकले. "गेली खोली."

"तसं नाही," अध्यक्ष म्हणाले. "डबी मिटली ना, तिथे माणूस आतून हलला."

"किंवा त्याची जेवायची वेळ झाली." खजिनदार बाईंकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

तो आवाज कुठे ऐकला, ते बाईंना या दोघांनाही सांगता येत नव्हतं, आणि त्याचंच ओझं सगळ्यात जास्त झालं होतं.

घरी लेक दोन कुडते घेऊन आरशापुढे उभी होती. "आई, उद्या मुलाखतीला कुठला घालू?"

"तुला काय वाटतं?"

"घरात तरी सरळ उत्तर दे गं. मी काय तुझी पेशंट आहे?"

"निळा," बाई म्हणाल्या. लेकीनं पिवळा उचलला.

संध्याकाळी त्या हेल्पलाइनच्या खोलीत जाऊन बसल्या. एक टेबल, एक फोन, कुरकुरणारी खुर्ची. समोरच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून चिकटवलेला कागद होता : सल्ला देऊ नका. ऐका. आज तो वाचताना त्यांना स्वतःचाच राग आला. मग फोन वाजला.

पलीकडून कोणीतरी खाकरलं. परत खाकरलं.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय. बोला."

"बऱ्याच दिवसांनी करतोय. घरातूनच बोलतोय. आता राहतो घरात."

"बरं वाटलं ऐकून," बाई म्हणाल्या. आणि त्यांना खरंच बरं वाटलं.

"आज ऑफिसात काही लोक आले होते. त्यांना म्हटलं, एक माणूस दाखवा. म्हणताना वाटत होतं, कोणीतरी माझ्याकडे बोट करावं. आणि केलं असतं, तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती." टक्. "त्यांत एक बाई होत्या. त्यांचा आवाज..."

वाक्य त्यानं अर्धंच सोडलं, बाईंनीही पुढचं विचारलं नाही.

"उद्या एका कागदावर सही करायची आहे," तो म्हणाला. "केली, तर एक चांगली गोष्ट बंद पडेल. नाही केली, तर वरचे माझी बदली करतील. मग हे घर सोडावं लागेल. आत्ता कुठे मी या घरात शिरलोय हो. काही सुचत नाही. तुम्हीच सांगा, करू का सही?"

'नको' हा शब्द बाईंच्या जिभेवर तयार होता. तेवढ्यानं खोली वाचली असती, फोन वाचला असता, आणि तो त्या दिवा लावलेल्या घरातून बाहेर पडला असता. 'करा' म्हणायलाही जीभ वळेना. त्यांनी कोपर टेबलावर टेकलं.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

पलीकडे एकदा टक् झालं. मग तो हसला, थकलेलं.

"हेच विचाराल, माहीत होतं," तो म्हणाला. "दुसरं कोणी विचारतच नाही."

त्यानं फोन ठेवला नाही. चिटणीसबाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि त्या ऐकत राहिल्या.