हळदीखालचा रंग

लोणी काळभोरच्या अर्ध्या गल्लीची नाकं वेणूबाईनं घडवलेली. बाळाला तेल-हळद चोळताना ती नाकाला असा बाक द्यायची, की ते पोर मोठं होऊन सोलापूरला गेलं तरी तिथले लोक विचारायचे, "लोणीचे का?" खोटं वाटलं तर सोलापुरात विचारा.

अशा आईकडे भाग्यश्री पहिल्या बाळंतपणाला खडकीहून आली, ती शेफालीला घेऊनच. म्हणजे फोनमध्ये. शेफाली सदाशिव पेठेतल्या दवाखान्यातली शिकलेली सुईण. व्हिडिओवर पायांची सूज बघायची, बाळाच्या लाथा मोजायला लावायची. वेणूबाई फोनसमोर डोक्यावर पदर घेऊन बसायची आणि तो बंद झाला की म्हणायची, "हात न लावता सुईण. उद्या फोनच बाळाला न्हाऊ घालंल."

बाळंतपण दवाखान्यात नीट झालं. चौथ्या दिवशी बाळ घरी, शेगडीच्या अंधाऱ्या खोलीत, हळदीनं माखलेलं. पण सकाळपासून ते प्यायला उठेना. भाग्यश्रीनं तळवे चोळले, गालाला बोट लावलं. दोन घोट घेऊन त्यानं पुन्हा मान टाकली.

"गुणाचं हाय. झोपू दे," वेणूबाई म्हणाली.

भाग्यश्रीनं फोन लावला.

"मला सगळंच पिवळं दिसतंय," शेफाली म्हणाली. "हळद, दिवा, की बाळ?"

"हळद," वेणूबाई म्हणाली. "घरची हाय."

"मग काकू, ओल्या फडक्यानं पुसा. आणि बाळाला दारात उजेडात आणा."

"उद्या पाचवी पुजल्याबिगर बाळ उंबऱ्याला न्हेत न्हाईत."

"बरं, आतच थांबा. उजेडाला आत यायला सांगू."

टाक्यांची कळ सोसत भाग्यश्री उठली आणि तिनं खिडकी सताड उघडली. वेणूबाईनं बाळ पुसलं.

"काकू, मला तिथं हात नाहीत, तुमचे द्या. नाकाच्या शेंड्यावर बोट हलकं दाबून सोडा. खाली कोणता रंग?"

चाळीस वर्षं नाकं दाबली, पण खालचा रंग वेणूबाईनं कधी पाहिला नव्हता.

"पिवळा."

"छाती?"

"पिवळी."

"तळवा?"

वेणूबाईनं तळवा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग हळू आवाजात म्हणाली, "हितं तर म्या हळद लावलीच न्हवती."

बोटं लोणीची, डोळे पेठेतले, आणि दोन्ही भाग्यश्रीच्या लेकराच्या इवल्याशा पावलावर येऊन भेटलेले.

"कावीळ वाढलेली दिसतेय. आत्ता दवाखान्यात निघा," शेफाली म्हणाली. "रक्त तपासतील. मी कळवून ठेवते."

पाचवीचं नाव कुणी काढलं नाही. शेजारच्या सोनबानं रिक्षा अशी हाणली, की हडपसरच्या गर्दीनं म्हणे आपणहून भांग पाडला.

दोन दिवस बाळ निळ्या दिव्याखाली होतं, डोळ्यांवर पट्टी बांधून. त्या निळाईत ते आभाळातून नुकतंच उतरल्यासारखं दिसायचं, आणि भाग्यश्री श्वास आवरून बघत राहायची. तिसऱ्या दिवशी ते भुकेनं असं रडलं, की खालच्या मजल्यावरचे म्हातारे औषधाची वेळ झाली समजून उठून बसले.

घरी आल्यावर पाचवी पुजली, उशिरानं. वेणूबाईनं सटवाईशेजारी फोन मांडला, चालू.

"काकू, मला हळद लावू नका हं," आतून शेफाली म्हणाली.

"न्हाई, आता हळद न्हाई." वेणूबाईनं बोटभर कुंकू घेतलं आणि फोनला जिथं डोळा असतो, नेमकं तिथंच टेकवलं. शेफालीला त्या दिवशी सगळी लोणी लाल दिसली. तेवढ्यात मागून बाळाच्या घटाघट पिण्याचा आवाज आला. ती ऐकत राहिली.