दोघींनी घातलेला घाट

नणंद-भावजयींचं सख्य विळ्याभोपळ्याचं, असं जग म्हणतं. या दोघींचं मात्र इतकं गूळपीठ, की सासरे चारचौघांत सांगायचे, "आमच्याकडे विळा नि भोपळा सायकलवरून भटकतात."

वहिनी चष्म्याच्या दुकानात यंत्रावर काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. नणंद शाळेत खेळ शिकवायची. पायाला क्षणभर थारा नाही म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा चढ दिसला की खाली उतरून सायकल ढकलायची. भिंगरीनंच तिला तयार केलं. "वहिनी, माथ्याकडे बघायचंच नाही. माथा काही पळून जात नाही," असं ओरडत ती मागून यायची. रविवारी सकाळी धरणाच्या चढावर दोघी ठरलेल्या.

मग आल्प्समधले घाट सायकलनं चढायचे, असा घाट भिंगरीनं घातला. सबंध हिवाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलेला असायचा आणि जेवणाची ताटं त्याच्या कडेकडेनं बसायची. स्टेल्व्हिओचा घाट आधी की गावियाचा, यावरून दोघी हमरीतुमरीवर यायच्या.

"पहिल्याच दिवशी मोठ्याला भिडू," भिंगरी म्हणायची.

"तुझ्या डाव्या गुडघ्याला विचारलंस का, बाई?"

शेवटी बोर्मियो नावाच्या गावात एका बाईंच्या छोट्या हॉटेलात खोली ठरली; तिथून दोन्ही घाट करता येतात. बर्फ सरल्यावर, जुलैत निघायचं. वहिनीचा नवरा जाता-येता नकाशावर डोकावून म्हणायचा, "माझी बायको तेवढी परत आणून दे गं."

हिवाळा सरता सरता तोच गेला. त्याचं दुसरीकडे जुळलं होतं. एका संध्याकाळी त्यानं बूट न काढताच ते सांगितलं. सासूबाईंनी त्याचं पान वाढायला घेतलं. आठवड्याभरात वहिनी दुकानाच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहायला गेली. नवऱ्याचं दुःख तिनं ओठ आवळून गिळलं, कारण भिंगरी रोज यायची. "दादाचं तोंड बघणार नाही मी," ती म्हणाली आणि घडी घातलेला नकाशा पिशवीतून काढून तिनं पलंगावर पसरला. त्या दिवशी वहिनीला पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं.

पुढे रोजची फेरी दिवसाआड झाली. मग दोन रविवार भिंगरी आलीच नाही. वहिनी धरणाखाली सायकल धरून उभी राहिली आणि गुडघाच दुखत असेल, अशी स्वतःची समजूत घालून एकटीच चढली.

नंतर एका दुपारी भिंगरी दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. वहिनीनं यंत्र बंद केलं आणि हात पुसले.

"बस ना. उभी का?"

"वहिनी, जुलैत मला नाही जमणार."

"मग ऑगस्टमध्ये जाऊ. घाट कुठे जातात?"

भिंगरी काउंटरवरचा आरसा उगाच सरळ करत राहिली. "ऑगस्टमध्येही नाही. तिला... दिवस गेलेत. जुलैत बाळ येईल. मी आत्या होणार आहे."

त्या शब्दाची वाट त्या घरात दोघींनी मिळून किती वर्षं पाहिली होती. किती डॉक्टर झाले, दवाखान्याच्या बाकावर दर वेळी शेजारी भिंगरीच बसलेली असायची. वहिनीनं पुसलेलेच हात पुन्हा पुसले. मग तिच्या तोंडून निघालं, "तब्येत बरी आहे ना तिची?"

तेवढं ऐकून भिंगरीचा बांध फुटला. "आई म्हणते, तुझ्याकडे येणं-जाणंही बंद कर. आता घरात ती आहे, तिला ते आवडत नाही. मी काय करू, सांग ना! इकडे आड, तिकडे विहीर."

"काय करायचंय? आत्या हो. चांगली हो."

"आणि आपलं?"

वहिनीनं मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही. दारात भिंगरी वळली. "येते, व—" म्हणून तिथेच अडखळली.

"म्हण की. तोंडात आहे तोवर म्हणून घे."

भिंगरीला म्हणवलं नाही. काचेबाहेर ती डोळे पुसत गर्दीत दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं बोर्मियोला फोन लावला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत खोली नको म्हणून सांगितलं. हॉटेलवाल्या बाई भल्या होत्या. त्यांनी काळजीनं विचारलं, "कोणी आजारी आहे का?"

"नाही. सगळे बरे आहेत."

"मग पुढच्या वर्षी नक्की या, दोघी."

वहिनी बरं म्हणाली.

जुलै आला. मुलगी झाल्याची बातमी तिला एका गिऱ्हाइकाच्या बोलण्यातून कळली. त्या वेळी ती त्याच्या चष्म्याची दांडी वाकवत होती. ती तिनं नीट बसवली, कानामागे टोचते का ते विचारलं. रविवारी नेहमीसारखी धरणावर गेली. वर पोचल्यावर कठड्याला सायकल टेकवली आणि पाण्याकडे पाठ करून, चढाच्या रस्त्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली. खालून दोन-तीन सायकलवाले आले, दम खात थांबले आणि उतरून गेले. आभाळ भरून यायला लागलं तशी तीही निघाली.