माझ्या पोटातली पावरी

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. नाशिकमध्ये मला या नावाने कुणीच हाक मारत नाही. सगळे सरसकट 'कॅशिओ' म्हणतात. मी त्या घराण्यातला नाही, माझ्या पाठीवर वेगळंच नाव छापलेलं आहे. पण लग्नाच्या मांडवात कुळी सांगत बसायला वेळ कुणाला असतो? पट्टी दाबली की वाजायचं, एवढंच माझं काम.

माझ्या जन्माबद्दल सांगण्यासारखं फार नाही. परदेशातल्या एका कारखान्यात कुणीतरी माझ्या सगळ्या पट्ट्या एकेकदा दाबून पाहिल्या, मान डोलावली आणि मला थर्माकोलमध्ये बसवून खोकं बंद केलं. पहिल्यांदा मला एका ऑर्केस्ट्रावाल्याने घेतलं. तिथे रंगीत दिवे होते, टाळ्या होत्या, गायिकेच्या नखऱ्यांपायी रोज भांडणं होती. पुढे त्याला माझ्याहून नवा मिळाला आणि मी भद्रकालीत गोरक्षशेठच्या दुकानात आलो. गोरक्षशेठ जुनी वाद्यं घेतात आणि विकतात. तेव्हा बाजार तेजीत होता. माझ्यावर नीट धूळही बसली नव्हती, तोच वाल्मीक मला घेऊन गेला.

वाल्मीक सातपूरच्या एका कारखान्यात मशिनवर कामाला होता. आठवडाभर लोखंड कापायचं आणि लग्नसराईत हळदीच्या सुपाऱ्या घ्यायच्या, असा त्याचा शिरस्ता. सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं बुकिंग हं, भलतंसलतं समजू नका! घोटी, कळवण, पेठ, कुठे कुठे म्हणून आम्ही गेलो नाही? टेम्पोत मागे स्पीकरच्या खोक्यांमध्ये मी आडवा पडलेला असायचो. हळदीत नाचणारी माणसं मध्येच येऊन वाल्मीकच्या गालाला हळद फासायची. तो हसत हसत गाल पुसायचा आणि तीच बोटं माझ्यावर फिरवायचा. माझ्या पट्ट्यांच्या फटींमध्ये तेव्हापासून पिवळेपणा भरला. मला तो आवडायचा. आता आवडणं वगैरे काही उरलेलं नाही, पण तेव्हा आवडायचा, हे खरं.

आमच्या ताफ्यात बुधाबाबा होते. पेठच्या पुढे डोंगरात त्यांचं गाव. ते पावरी वाजवायचे. सुका भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या आणि छातीतला दम, यावर चालणारं ते वाद्य. पावरी घुमली की डोंगरातली माणसं जेवणाच्या पंगतीतून उठून नाचायला येत. मी मोठा विजेवर चालणारा, शेकडो आवाजांचा धनी, पण बुधाबाबांनी फुंकर घातली की माझ्याकडे कुत्रंसुद्धा बघत नसे.

एकदा पावसाळ्यात, सुपाऱ्या नसताना, वाल्मीक मला घेऊन बुधाबाबांच्या घरी गेला. माझ्यात एक सोय आहे. बाहेरचा आवाज माइकमधून आत घेऊन ठेवता येतो आणि मग पट्टी दाबली की तोच वाजतो. वाल्मीकने बाबांकडून एकेक सूर फुंकून घेतला. दोन सुरांच्या मध्ये बाबा छाती भरून श्वास घ्यायचे, त्याचा सूं सूं असा आवाज यायचा. तेवढा वाल्मीकने कापून टाकला.

"ऐका आता बाबा," तो म्हणाला आणि त्याने पट्टी दाबली.

बुधाबाबा उठले आणि वाकून माझ्या मागे बघून आले.

"ह्यो मीच हाय का रं?"

"तुम्हीच की!"

"आन् ह्याला दम नाय लागत?"

"ह्याला कुठं छाती हाय, बाबा!"

दोघंही खळखळून हसले. बाबांची बायको भागीबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "म्हंजे आता ह्यांचं काय काम?" एवढंच त्या म्हणाल्या. तो प्रश्न कुणी मनावर घेतला नाही.

त्यानंतर माझे दिवस आले. "काय पावरी वाजवतो राव तुझा कॅशिओ!" असं लोक वाल्मीकला सांगायचे. पहिल्या हंगामात बुधाबाबा आमच्यासोबत होते. पुढच्या हंगामात वाल्मीक त्यांना म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला जाग्रणं करता? आराम करा. हाय ना ह्याच्यात." त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. बाबांना खरंच धाप लागायची. पण आराम त्यांनी मागितला नव्हता. टेम्पोतल्या त्यांच्या जागेवर एक जास्तीचा स्पीकर चढला आणि आम्ही निघालो.

मग मंदी आली. मंदी म्हणजे काय, हे मला मोठी माणसं सांगतात तसं सांगता येणार नाही. मी बघितलं तेवढं सांगतो. वाल्मीकच्या कारखान्यात आधी दुसरी पाळी बंद झाली, मग वाल्मीकच. लग्नं होतच राहिली, माणसं काय लग्न करायची थांबतात? पण हळदीला ताफा बोलवायचा सोडून लोक पेनड्राइव्ह लावायला लागले. घरचेच नाचायचे, घरचेच बटण दाबायचे. वाल्मीक मला खाटेखालून काढायचा, पुसायचा आणि पुन्हा आत सरकवायचा. काही दिवसांनी पुसणंही थांबलं. आणि एका सकाळी त्याने मला मोटरसायकलवर बांधून गोरक्षशेठच्या दुकानात आणलं.

गोरक्षशेठचा एक रिवाज आहे. विकायला आलेल्या माणसाने वाद्य एकदा स्वतः वाजवून दाखवायचं. पट्ट्या चालतात का, ते त्यांना कळतं आणि माणसाचीही एक निरोपाची वेळ होते. तेजीत लोक झोकात वाजवायचे, कारण जुना देऊन नवा घ्यायचा असायचा. वाल्मीकने खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं आणि हात काढून घेतला.

"बस? एखादं गाणं तरी वाजव."

"चालू हाय ना सगळं, शेठ."

"आत काही भरून ठेवलंय का? टोन-बिन?"

"नाय. आसंल ते पुसून टाका."

मित्रांनो, मी तेव्हा ओरडायला हवं होतं. पण पट्टी दाबल्याशिवाय मला आवाज नाही. वाल्मीक विसरला नव्हता, त्याने प्रश्न नीट ऐकलाच नव्हता, तोंडाला आलं ते बोलून गेला होता. त्याचे डोळे दुकानाबाहेरच्या रस्त्यावर होते. शेठनी जो भाव सांगितला त्याला त्याने मान हलवली. घासाघीस केली नाही. शेठही चपापले. पंचवीस वर्षं दुकानात बसलेला माणूस तो, घासाघीस न करणारं गिऱ्हाईक त्यांना बघवेना. आपणहूनच थोडे वाढवून दिले. वाल्मीकने त्यालाही मान हलवली.

मला फळीवर ठेवलं. माझ्या शेजारी मालेगावहून आलेला एक कॅशिओ होता. त्याचा मालक यंत्रमागावर कामाला, माग बंद पडले तसा हा इथे आला. पलीकडे घोटीच्या एका ताफ्याचा अख्खा संसारच होता, तारांच्या भेंडोळ्यासकट. सुरुवातीला नवा कुणी आला की वाटायचं, अरेरे, हा पण! नंतर नंतर काही वाटेनासं झालं. येणारे रोज येत होते, घेणारा कुणी नव्हता. लोक दुकानात यायचे, मोबाइलवर फोटो काढायचे, "बघतो, सांगतो" म्हणून जायचे. शेठ दुपारी पंख्याखाली बसून राहायचे. कधी कुणाला चालूही करत नसत. मी बधिर होत गेलो, असं म्हणायला हवं. पण बधिर होणाऱ्याला ते तरी कुठे कळतं?

एक दिवस आशाताई आल्या. त्या इंदिरानगरात मुलांना गाणं शिकवतात. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं.

"हे पट्ट्यांमध्ये पिवळं काय आहे?"

"हळद आहे ताई. लग्नात वाजायचा ना हा. आत्ता साफ करून देतो."

"आणि आत काय काय भलतंच भरलेलं असेल. मुलांना द्यायचाय मला."

"काही राहू देणार नाही. एकदम कोरा करून देतो, बघा!"

शेठच्या आवाजात कितीतरी दिवसांनी हुरूप आला होता. त्यांनी ब्रश घेतला, स्पिरिट घेतलं, फटीफटीतून हळद काढली. मग माझी दोन बटणं दाबून धरली आणि मला चालू केलं. जुना सिंथेसायझर कोरा करायची हीच रीत आहे. दुखलं म्हणावं, तर तसं काही झालं नाही. बुधाबाबांचा एकेक सूर होता, आणि मग नव्हता. पडद्यावर नवेपणीचं स्वागताचं वाक्य उमटलं.

आशाताईंनी थोडं वाजवून पाहिलं. "छान आहे. घरी विचारून उद्या सांगते," असं म्हणून त्या गेल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. त्यांच्याही क्लासची मुलं कमी झाली असणार. पण त्या परत आल्या नाहीत.

आणि मग, जे व्हायचं तेच झालं. वाल्मीक दुकानात आला. त्याच्या मागे काठी टेकत बुधाबाबा. इतक्या दिवसांत ते अर्धे झाले होते. दाराची पायरी चढून आले आणि स्टुलावर बसून कितीतरी वेळ नुसता श्वासच घेत राहिले.

"शेठ, बाबांच्या नातीची हळद हाय, निकिताची," वाल्मीक म्हणाला. "बाबांच्यानं आता फुंकवत नाय. सगळ्या गावाच्या हळदीत वाजवली त्यांनी, आन् घरच्याच हळदीला पावरी नाय म्हणल्यावर कसं होईल? ह्याच्यात हाय त्यांचा आवाज. एका दिवसापुरता द्याल का?"

"घेऊन जा ना. इथं धूळच खातोय. पैशाचं बोलू नको," शेठ म्हणाले आणि त्यांनी स्वतः मला खाली काढलं. वाल्मीकने मला चालू केलं, नेहमीचं बटण दाबलं आणि सूर धरला.

पियानो वाजला.

त्याने दुसरं बटण दाबलं, तिसरं दाबलं. बासरी वाजली, व्हायोलिन वाजलं, सनई वाजली. त्याची बोटं भराभर चालायला लागली आणि एकदम थांबली. तेव्हा गोरक्षशेठच्या ध्यानात आलं.

"अरे देवा! वाल्मीक, अरे मी कोरा केला रे त्याला. तुला विचारलं होतं मी. तूच म्हणालास, असेल ते पुसून टाका."

"मी म्हणलो?"

"तूच."

वाल्मीकला ते आठवेना. भांडला असता तर बरं झालं असतं, शेठही तयारच होते भांडायला. पण या मंदीने माणसांचा रागसुद्धा काढून नेला होता. शेवटी बुधाबाबाच बोलले.

"गेला का मी त्याच्यातून?"

"गेला, बाबा."

"बरं." ते काठीवर हात ठेवून उठले. "बाकीची गाणी तर वाजतील ना? चल मंग."

हळदीच्या दिवशी डोंगरात बाबांच्या अंगणात मी स्टँडवर उभा होतो. वाल्मीक इतर गाणी वाजवत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. निकिता पाटावर बसली, बायका हळद घेऊन आल्या. आता पावरी हवी होती. म्हातारी माणसं नाचायची थांबली आणि आमच्याकडे बघायला लागली. वाल्मीकची बोटं माझ्यावर ठेवलेली होती, पण ती दाबायला धजत नव्हती.

तेवढ्यात भागीबाई घरातून आल्या. त्यांच्या हातात पावरी होती. ती त्यांनी बाबांच्या मांडीवर ठेवली.

"आगं, माझ्यानं व्हनार हाय का?"

"व्हईल तेवढी वाजवा," भागीबाई म्हणाल्या. "कोन हासनार हाय?"

बाबांनी फुंकर घातली. दोन-तीन सूर आले आणि तुटले. मग श्वास घेण्याचा तो आवाज आला, सूं सूं, वाल्मीकने माझ्यासाठी कापून टाकलेला. नाचणारी माणसं एक पाय पुढे टाकून तशीच थांबली. ढोलवाला थांबला. बाबांचा श्वास भरला, पुढचे सूर आले, पावलं पुढे सरकली. पुन्हा तुटले, पुन्हा सगळे थांबले. असं ते गाणं चाललं, अडखळत, अख्खं. निकिता रडत होती. तिच्या गालावरची हळद ओघळली होती.

मी इतकी वर्षं पावरी वाजवली, पण माझ्यासाठी कधी कुणाला थांबावं लागलं नव्हतं.

गाणं संपल्यावर वाल्मीक माइक घेऊन बाबांपाशी बसला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"बाबा, दम खा जरा. मग एकेक सूर परत भरून घेऊ? ह्या वेळी नाय पुसू देणार कुणाला."

बुधाबाबांनी माइक हळूच बाजूला सारला.

"नको रं. पायजे तवा मला बोलवत जा."

वाल्मीकने माइक बंद करून ठेवला. मग त्यांच्या पायांना हात लावला. त्याच्या बोटांची हळद त्यांच्या पायांना लागली आणि माझी तार गुंडाळताना थोडी मलाही.

आता मी पुन्हा भद्रकालीत फळीवर आहे. मंदी अजून गेलेली नाही. वाल्मीक मधूनमधून येतो. कुठे एखादी सुपारी मिळाली तर मला घेऊन जातो आणि वाटेत पेठकडे गाडी वळवून बुधाबाबांना बरोबर घेतो. स्पीकर एक कमी नेतो. गोरक्षशेठ हल्ली विकायला आलेल्या प्रत्येकाला दोनदा विचारतात, "आत काही ठेवलंय का? नीट आठवून सांग." माझ्या फटीतली नवी हळद त्यांनी काढलेली नाही.

मित्रांनो, जुन्या वाद्याची धूळ पुसलीत तर बरंच होईल. पण तेवढंच मागून मी थांबणार नाही. आमच्या पोटात ज्याचा आवाज असतो, तो माणूस कुठेतरी स्टुलावर बसून दम घेत असतो. तो आहे तोवर त्याला बोलवा. आणि तो आला की त्याचा श्वास भरेपर्यंत थांबा.