अंधारातली बाटली

बाईंनी कपाट उघडून आतली बाटली उचलली. पाणी स्वच्छ होतं. ते निळं असायला हवं होतं.

रसायनशास्त्राच्या या प्राध्यापक बाईंनी सहा वर्षं खपून एक अतिसूक्ष्म पावडर तयार केली होती. ऊन लागलं की ती सांडपाण्यातला रंग नाहीसा करते, असा त्यांचा दावा होता आणि त्यावरचा शोधनिबंध छापूनही आला होता. निळा रंग आणि पावडर घातलेल्या खिडकीतल्या बाटल्या निवळायच्या, कपाटातली निळीच राहायची, म्हणून तर दावा खरा. आता चार दिवसांनी परगावाहून येऊन बघतात, तर अंधारातलीही निवळलेली. म्हणजे उन्हाचा काही संबंधच नव्हता आणि सहा वर्षं पाण्यात गेली होती.

त्यांनी तिथेच बसून शोधनिबंध मागे घेण्याचं पत्र लिहिलं. चूक लपवणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. सही करताना मात्र हात अडला.

तेवढ्यात फडकं घेऊन मावशी आल्या. प्रयोगशाळेची झाडलोट वीस वर्षं त्यांच्याकडेच होती. बाटली बघून त्यांचा चेहरा खुलला.

"झाली ना हीपण साफ?"

"हीपण म्हणजे?"

"बाकीच्या सगळ्या उन्हात, आणि हिलाच मेलीला कपाटात डांबलेलं. मला बघवेना. तुम्ही गेल्यापासून रोज खिडकीत ठेवत होते, मॅडम. संध्याकाळी परत जागेवर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. रागवावं की मिठी मारावी, हेच त्यांना कळेना. त्या नुसत्या हसत सुटल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग त्यांनी मावशींना नीट समजावलं, की ही एक निळी राहिली तरच बाकीच्या पास. मावशी पार ओशाळल्या. पत्र मात्र बाईंनी फाडलं नाही, खणात ठेवलं. नवी बाटली भरली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली मावशींच्याच हातात दिली.

चार दिवस बाईंना अन्न गोड लागलं नाही. पाचव्या सकाळी मावशींनी कुलूप काढलं. पाणी निळंशार होतं. बाईंनी यंत्रावर मोजून वहीत आकडा लिहिला, खणातलं पत्र काढून त्याचे तुकडे केले आणि खुर्चीत मागे रेलल्या. छातीवरचा धोंडा उतरला होता.

मावशी अजून बाटलीकडेच बघत होत्या.

बाईंनी उठून बाटली त्यांच्या हातात दिली.

"ठेवा आता हिला खिडकीत."