फाटक उघडणाऱ्याची जागा

मर्डोने डॅशबोर्डवरून हात फिरवला, डावीकडून उजवीकडे, मग परत. किल्लीचं भोक काही सापडेना.

"किल्ली नाहीये हिला," रावीरी म्हणाला. शेतावर चालवायच्या गाड्यांच्या दुकानातला हा विक्रेता तिशीचा, गोड बोलणारा. "या पडद्यावर बोट ठेवायचं. वेग, डिझेल, उतार किती आहे, सगळं इथंच दिसतं."

मर्डोला पडदा म्हणजे नुसता उजेडाचा चौकोन दिसत होता, आणि त्याच्याही मधोमध राखाडी डाग. मार्चपासून तो जिथे बघेल तिथे हा डाग त्याच्या आधी जाऊन बसायचा. कडेकडेचं दिसायचं: डोंगराची रेघ, आभाळ, कुत्रीचे कान. नेमकं समोरचं तेवढं नाही. डॉक्टरांनी दोन वाक्यांत निकाल लावला होता. याला औषध नाही, आणि गाडी चालवणं आजपासून बंद. ते पत्र मर्डोने लोकर कातरायच्या शेडमध्ये फळीमागे खुपसलं आणि बायकोला सांगितलं, चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय.

"आमच्याकडे चिखल असतो, बाबा," तो म्हणाला. "बोटाला चिखल, पडद्याला चिखल. मग काय मेंढ्यांना विचारू, वेग किती म्हणून?"

रावीरी हसला. शेजारी उभी असलेली त्याची बायको नोलीन हसली नाही.

मेंढ्यांचं वेत दहा दिवसांवर आलं होतं. नऊशे मेंढ्या, चढउताराचं रान, आणि गेल्या मंगळवारी, नोलीन मागे बसलेली नसताना, मर्डोची चारचाकी बाईक त्याच्यासकट घळीत गेली होती. ससा आडवा आला, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. ससा कसला नि काय. घळीची कड त्या डागाच्या आत होती. खाली चिखल होता म्हणून हाडं शाबूत राहिली. ब्रिस्बेनहून मुलाने फोनवर एवढंच सुनावलं, "आणखी एकदा पडलास ना बाबा, तर शेत विकायचं." मर्डोने हो म्हटलं, कारण नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

शेत गेलं तर काय करायचं, हा विचार त्याला पहाटे पहाटे जागं करायचा. मुलाच्या बाल्कनीत बसून कुंड्यांना पाणी घालायचं? त्यापेक्षा घळ बरी, असंही एकदोनदा मनात येऊन गेलं होतं आणि तो स्वतःलाच घाबरला होता. म्हणून त्याला आता अशी दोघांची गाडी हवी होती जी नुसत्या हातांना कळेल. छप्पर, मागे कोकरं ठेवायला हौदा, फिरवायला किल्ली, ओढायला गिअरचा दांडा. एवढं मिळालं तर यंदाचं वेत कसंबसं निभलं असतं.

दुसऱ्या गाडीला किल्ली होती. मर्डोने ती दोनदा फिरवून बघितली आणि त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात नोलीनने आत वाकून दोन सीटांच्या मधला खोका हलवला.

"हा निघतो का?"

"नाही हो. कप ठेवायला, फोन ठेवायला. सोय आहे."

"मग ही नको."

"तुला काय करायचंय त्या खोक्याशी?" मर्डो वैतागला.

"पाय अडतो माझा."

पूर्वी नोलीन मोजून बोलायची. गेल्या सहा महिन्यांत मात्र तिची टकळी अखंड सुरू असायची. अमका खांब कललाय, इथं पाणी साचलंय, तो बघ मेंढा वाटेत बसलाय. मर्डोचं डोकं उठायचं. वय झालं की होतं असं, म्हणून तो सोडून द्यायचा.

तिसरी गाडी कोपऱ्यात होती, हिरवी, धूळ बसलेली. पुढे एकच सलग बाक.

"ही सगळ्यात साधी," रावीरी म्हणाला. "हिला कुणी विचारत नाही. पण बंद पडली म्हणून परत आणलेली एकही पाहिली नाही मी."

मर्डोने बाक उचललं, हात आत घातला आणि ऑइलची काडी पहिल्या फटक्यात बाहेर ओढली.

"बघा, जुना माणूस. बघावंसुद्धा लागत नाही," रावीरी म्हणाला. "मागच्या रानात एक चक्कर मारून या. वर फाटक आहे, त्याच्यापलीकडे उतार. तिथं कळेल तुम्हाला."

गावात येताना गाडी नोलीननेच आणली होती. खांदा दुखतोय, असं मर्डोने निमित्त केलं होतं. पण रानात चाक कायम त्याच्याच हातात. तो बसला, किल्ली फिरवली, दांडा ओढला, आणि इंजिनाचा साधा खडबडीत आवाज ऐकून त्याचा जीव थोडा भांड्यात पडला.

"डावीकडे दगड बघ केवढा," नोलीन सुरू झाली. "आणि ही टाकी नवीन दिसतेय. इथं, उजव्या हाताला. अगं बाई, वाटेतच आहे की जवळजवळ."

"जरा गप्प बसशील?"

ती गप्प बसली.

गाडी पुढे जात होती. मर्डोने मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला. कुंपणाची टोकं दिसत होती, मधे राखाडी. चाक कुठे वळवावं हे त्याला समजेना, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की सहा महिने आपण चालवत होतो ते डोळ्यांनी नव्हे, तिच्या बोलण्यावर.

"थांब, मर्डो. फाटक आलं."

त्याने ब्रेक दाबला. लोखंडी नळ्या गाडीच्या नाकापासून हातभर होत्या.

फाटकाचा नियम एकच: शेजारी बसलेल्याने उतरायचं. चाळीस वर्षं नोलीन उतरत आली होती, पावसात, गारांत, सात महिन्यांचं पोट असतानासुद्धा. चालवणारा बसून राहतो.

आज ती उतरली नाही. हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिली.

"उतरतेस ना?"

"माझा घसा बसलाय, मर्डो," ती म्हणाली. "सहा महिने बोलतेय मी."

इंजिन धडधडत राहिलं. मर्डोने चाकावरचा एक हात काढला, मग दुसरा. तो खाली उतरला. फाटकाच्या नळीवरून हात सरकवत साखळीपर्यंत गेला, कडी चाचपली. कुठल्या बाजूला उघडतं हेही त्याला माहीत नव्हतं. त्याने ढकललं, मग ओढलं. मागे बाकाचं रेक्झिन करकरलं. नोलीन सरकून चाकापाशी आली होती.

गाडी त्याच्या जवळून सावकाश आत गेली आणि थांबली. त्याने फाटक लावलं, कडी घालून ओढून बघितली, आणि हौद्याच्या कडेला हात लावत दुसऱ्या बाजूने वर चढला. बाक अजून तिच्या अंगाने ऊबदार होतं.

उतारावरून गार वारं येत होतं.

"आपल्याकडे सहा फाटकं आहेत," तो शेवटी म्हणाला. "होईल मला."

नोलीनने दांडा ओढला.

"अकरा," ती म्हणाली.